सरंजाम की वतन? गोल्फच्या मैदानावरील खेळण्याच्या हक्काची हकीगत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले व्यायामशिक्षक होते. माझ्या पिढीला ते नुसते ‘सर’ म्हणूनच ठाऊक आहेत आणि आजही मी त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने त्यांच्या स्मृतिदिनी गोल्फ या खेळावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. वडोदऱ्यात वाढलेल्या आपणा मराठी माणसांचा या खेळाशी संबंध किती? लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे एवढे आपल्याला ठाऊक असते. मी स्वतः ती काठी एकदाही हाती धरलेली नाही. तथापि विषय खेळाच्या तंत्राचा नाही. खेळायला मिळणे हा हक्क कोणी, कोणाला, कशाच्या बळावर द्यावा आणि कधी काढून घ्यावा, या प्रश्नाचा आहे. सरांचे सारे आयुष्य याच प्रश्नाशी झुंजण्यात गेले, असे मला आता वाटते.

सन २०१० च्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे अमेरिकेत होतो. एका रविवारी दुपारी जावईबापूंनी दूरदर्शन संच लावला होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथील स्पर्धेचा शेवटचा दिवस होता आणि आघाडीवर होता अर्जुन अटवाल नावाचा आपल्याकडील खेळाडू. जन्म आसनसोलचा, खेळ शिकला कोलकात्यात. माझे कुतूहल अर्थातच जागे झाले. समालोचक मात्र पुनःपुन्हा एकच गोष्ट सांगत होता : या माणसाजवळ ‘कार्ड’ नाही. मी विचारले, कार्ड नाही म्हणजे काय? स्पर्धेत तर तो खेळतो आहे, आणि जिंकतोही आहे. जावईबापूंनी समजावण्याचा यत्न केला. पण जसजसे ते सांगत गेले तसतसे त्यांच्याही ध्यानात येऊ लागले की आपल्याला नीटसे ठाऊक नाही. त्या दुपारपासून मी या विषयामागे लागलो तो आजतागायत.

इंग्रजीत ज्याला खेळण्याचे ‘प्रिव्हिलेज’ म्हणतात, त्याला शासकीय मराठीत ‘विशेषाधिकार’ असा प्रतिशब्द आहे. मला तो अपुरा वाटतो. आपल्या इतिहासात याहून नेमके शब्द आहेत. मराठेशाहीत ‘वतन’ आणि ‘सरंजाम’ हे दोन भिन्न प्रकार होते. वतन पिढीजाद; बापाचे मुलाकडे जायचे, आणि वतनदार त्यासाठी जिवावर उदार व्हायचा. सरंजाम हा चाकरीच्या बदल्यात होता. फौज बाळगायची, स्वारीत हजर राहायचे, तोवर त्या मुलखाचे उत्पन्न खायचे. चाकरी संपली की सरंजाम सरकारजमा होणे हे तत्त्वतः ठरलेले. पुढे पेशवाईत सरंजामही वंशपरंपरेने चालू लागले ही गोष्ट वेगळी; तिच्याकडे मी शेवटी वळणार आहे. गोल्फच्या टूरचे कार्ड हा शुद्ध सरंजाम आहे. तो एका वर्षाचा असतो, चाकरी हजेरीने नव्हे तर फटक्यांनी मोजली जाते, आणि नूतनीकरणासाठी कोणाच्याही दिवाणखान्यात मुजरा करावा लागत नाही. आज हे असे आहे. ते तसे होण्यापूर्वी फार काही घडून गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्यावसायिक गोल्फपटू म्हणजे क्लबचा नोकर. काठ्या दुरुस्त कराव्यात, सभासदांना शिकवावे, मैदानाची निगा राखावी आणि स्पर्धा असेल तेव्हा खेळून दोन पैसे मिळवावेत. इंग्लंडात अशा नोकरांची संघटना १९०१ साली झाली, अमेरिकेत १९१६ साली. स्पर्धेत तो पहिला आला तरी क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला पाऊल ठेवता येत नसे. कपडे बदलायचे ते बाहेर कोठेतरी. १९२० साली वॉल्टर हेगन हा अमेरिकन खेळाडू इंग्लंडातील डील येथे ब्रिटिश ओपन खेळायला गेला. इमारतीत प्रवेश नाही म्हटल्यावर या गृहस्थाने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती थेट क्लबच्या दाराशी उभी केली आणि तीतच कपडे बदलले. खेळात त्याचा पार धुव्वा उडाला. पण मोटार मात्र इतिहासात राहिली. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलेडो शहराच्या इन्व्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना आपले दार उघडले, आणि कृतज्ञतेपोटी खेळाडूंनी त्या क्लबला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले. दार उघडले म्हणून घड्याळ द्यावेसे वाटणे, यात त्या काळाची सारी कहाणी आली.

नोकराची संघटना झाली की ती नोकरांच्या बाजूने उभी राहील, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकन संघटनेने १९३४ साली आपल्या घटनेत कलम घातले की सभासदत्व केवळ गौरवर्णीयांना मिळेल. काल ज्यांना दाराबाहेर उभे केले जात होते, त्यांनीच आज दुसऱ्यासाठी दार लावून घेतले. टूरवरील स्पर्धा याच संघटनेच्या हाती असल्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूला पोटासाठी खेळण्याचा मार्गच बंद झाला. त्यांनी आपल्या वेगळ्या स्पर्धा भरविल्या, तुटपुंज्या बक्षिसांवर खेळले. बहुतेकांनी लहानपणी इतरांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहूनच हा खेळ पाहून घेतला होता.

बिल स्पिलर हा त्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. हा पदवीधर होता; पण शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेना म्हणून लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्थानकावर हमाली करीत असे. गोल्फ त्याने तिशीच्या उंबरठ्यावर हाती घेतले. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस ओपन स्पर्धेत तो आणि त्याचा सहकारी टेड ऱ्होड्स पहिल्या साठांत आले. नियम असा होता की येथे साठांत आलेल्यास पुढील आठवड्यातील, रिचमंड येथील स्पर्धेत आपोआप प्रवेश. दोघे तेथे गेले, सरावही केला. आणि मग त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही संघटनेचे सभासद नाही, सबब खेळता येणार नाही. सभासद का नाही, तर घटनेत कलम आहे म्हणून. त्यांनी न्यायालयात दावा लावला. संघटनेने भेदभाव करणार नाही असे आश्वासन देऊन दावा मिटविला, आणि पुढे काय केले? स्पर्धांच्या नावांतील ‘ओपन’ हा शब्द काढून तेथे ‘निमंत्रितांची’ असे शब्द घातले. ज्याला निमंत्रण नाही त्याने तक्रार कसली करायची? भाषेच्या अभ्यासकाने या विशेषणबदलाची नोंद अवश्य करावी. एका शब्दाने कलमाचे काम केले.

१९५२ साली सॅन डिएगो येथे जगज्जेता मुष्टियोद्धा जो लुई याला हौशी खेळाडू म्हणून खास निमंत्रण मिळाले व त्याला खेळू देण्यात आले. स्पिलर मात्र पात्रता फेरी पार करून आला होता, त्याला नाही. तो पहिल्या टीवर जाऊन उभा राहिला आणि हलेना. अखेर जो लुईनेच त्याची समजूत घातली. पुढे हाच स्पिलर एका क्लबात धनिकांच्या पिशव्या वाहू लागला. तेथील एका सभासदाला त्याने आपली हकीगत ऐकविली आणि त्या गृहस्थाने कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला. मॉस्क यांनी संघटनेस बजावले की असे कलम ठेवून आमच्या राज्यात तुम्हाला स्पर्धा भरविता येणार नाहीत. संघटनेने १९६२ ची आपली प्रमुख स्पर्धा लॉस एंजेलिसहून हलवून पेनसिल्व्हेनियात नेली; परंतु पळून किती राज्ये ओलांडणार? १९६१ च्या नोव्हेंबरात ते कलम रद्द झाले. स्पिलर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी टूर संपलेली होती.

फळ मिळाले ते चार्ली सिफर्डला, आणि तेही अर्धे. १९२२ साली शार्लट येथे जन्मलेला हा माणूस. मॉस्क यांच्या दडपणामुळे १९६० साली त्याला मान्यताप्राप्त खेळाडू म्हणून कार्ड मिळाले. ज्या वयात इतरांची कारकीर्द उताराला लागते, त्या अडतीस-एकोणचाळिसाव्या वर्षी त्याची सुरू झाली. १९६१ साली दक्षिणेतील राज्यांत टूरच्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. ती स्पर्धा ग्रीन्सबरोची. श्रोतेहो, हे गावाचे नाव लक्षात असू द्यावे. याच गावी १९५५ साली नगरपालिकेच्या मालकीच्या मैदानावर गोल्फ खेळले म्हणून सहा कृष्णवर्णीय नागरिकांना अटक झाली होती. १९६० साली येथील वूलवर्थ दुकानात, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाद्यपदार्थांच्या खिडकीपाशी चार विद्यार्थी बसून राहिले आणि तेथून एक देशव्यापी चळवळ पेटली. सिफर्डला धमक्या आल्या, काही प्रेक्षकांनी होलमागून होल शिव्या दिल्या. तो खेळत राहिला आणि चौथा आला.

कार्ड मिळणे एक, टिकविणे दुसरे. त्या काळी वर्षाच्या कमाईच्या यादीत पहिल्या साठांत असेल त्यालाच पुढील वर्षी निर्धास्तपणे प्रत्येक स्पर्धेत खेळता येई. सिफर्डने १९६७ साली हार्टफर्डची आणि १९६९ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस ओपन स्पर्धा जिंकली. होय, तीच लॉस एंजेलिस ओपन, जिच्यात साठांत येऊनही स्पिलरच्या पदरी काही पडले नव्हते. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण मात्र त्याला कधीच आले नाही; ते भाग्य १९७५ साली ली एल्डरला लाभले. सिफर्ड २०१५ साली वारला, त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्याला स्वातंत्र्यपदक मिळाले.

येथे क्षणभर आडवाटेला जातो. दक्षिण आफ्रिकेत सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलुम नावाचा भारतीय वंशाचा एक कॅडी होता. दोन्ही हातांची पकड जगाच्या उलट. शिकविणारा कोणी नाही. १९५९ आणि १९६० साली त्याने डच ओपन जिंकली. १९६३ साली त्याने नाताळ ओपन ही गोऱ्यांबरोबरची स्पर्धा जिंकली तेव्हा पाऊस कोसळत होता. गोरे खेळाडू इमारतीत बसले, आणि विजेत्याला चषक बाहेर पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर छापून आले. १९६५ साली त्याने साक्षात गॅरी प्लेयरला मागे टाकून ती स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर त्याला त्या देशातील मोठ्या स्पर्धांतून बाद करण्यात आले. तेथे हक्क काढून घ्यायला फटक्यांचा हिशेब लागला नाही.

आता मूळ वाटेवर येऊ. वर्णाची भिंत पडली तरी पोटाची होतीच. साठ सोडले तर उरलेल्यांनी काय करायचे? दर सोमवारी पात्रता फेरी. एका मैदानावर कितीतरी उमेदवार आणि शिल्लक जागा थोड्या. सोमवारी पार पडलात तर गुरुवारी स्पर्धेत. तेथे दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू गळतात, त्याला ‘कट’ म्हणतात. कट पार केलात तर पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेत थेट प्रवेश. नाही केलात तर गाडी काढा, रातोरात पुढील गाव गाठा आणि पुन्हा सोमवारी रांगेत उभे राहा. या मंडळींना टूरवर ‘ससे’ म्हणत. कट चुकलेल्यास एक पैसाही मिळत नसे आणि प्रवास, मुक्काम, कॅडीची मजुरी सारे पदरचे.

उमेदवारांचा लोंढा आवरेना म्हणून १९६५ साली फ्लोरिडामध्ये पहिली पात्रता शाळा भरली, तिलाच आज ‘क्यू-स्कूल’ म्हणतात. त्या वर्षी ४९ जण आले, १७ जणांना कार्ड मिळाले. पहिला आला जॉन श्ली. नावाला जागून तेथे प्रारंभी नियम, शिष्टाचार यांचे वर्गही घेत. पुढे वर्ग गेले, नाव राहिले. जेथे काहीही शिकवीत नाहीत आणि नुसती परीक्षाच घेतात तिला शाळा म्हणणे, हा प्रकार आपल्याकडील काही विद्यापीठांना अपरिचित वाटू नये. १९६८ साली टूरवर खेळणारे खेळाडू क्लबात शिकविणाऱ्या व्यावसायिकांपासून अलग झाले. त्यातूनच १९७५ पासून ‘पीजीए टूर’ हे नाव रूढ झाले.

मोठा पालट झाला तो १९८३ साली. गॅरी मॅकॉर्ड हा स्वतः एक ‘ससा’. त्याने मांडणी केली की साठांऐवजी कमाईच्या यादीतील पहिल्या १२५ जणांना पूर्ण वर्षाची मुभा द्या, शाळेतून येणाऱ्यांना त्यांच्या मागे क्रम द्या, आणि सोमवारची झोंड नाममात्र ठेवा. आयुक्त डीन बीमन यांनी ती उचलून धरली. माणसाला वर्षभराचे वेळापत्रक आखता आले, कोठे विश्रांती घ्यायची ते ठरविता आले, घरी पत्र लिहून अमुक तारखेला येतो असे कळविता आले. मला या सुधारणेचे मोल अंमळ अधिक वाटते त्याला वैयक्तिक कारण आहे. एका महाविद्यालयात मी सलग सहा वर्षे हंगामी अधिव्याख्याता होतो. एप्रिलअखेर सेवा समाप्त, जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. सुट्टीतला पगार अर्थातच नाही. शिकविणे बरे होते की वाईट, हे सहा वर्षांत मला कोणी सांगितले नाही; जागा आहे की नाही एवढेच सांगत. दर जूनला मी सोमवारचा ससा होतो. फरक एवढाच की सशाला आपले फटके तरी मोजता येतात.

१२५ ही संख्या पुढे चार दशके गोल्फच्या जगात लक्ष्मणरेषेसारखी राहिली. हंगामाच्या अखेरच्या स्पर्धेत विजेतेपदाकडे जितके डोळे लागत, तितकेच १२५ आणि १२६ या क्रमांकांकडे. पूर्वी क्रम डॉलरांवर लागे. २००७ साली फेडेक्स कप नावाची गुणपद्धती आली आणि यथावकाश कार्डाचा निर्णयही तिच्याकडे गेला. सवलती आहेत, पण मोजक्या. एखादी स्पर्धा जिंकणाऱ्यास किमान दोन वर्षांची निश्चिंती, चार प्रमुख स्पर्धांपैकी एक जिंकल्यास पाच वर्षांची. आयुष्यभराच्या कमाईत अग्रभागी असलेल्यास एकदा वापरण्याची सूट. दुखापत झाल्यास, जितक्या स्पर्धा बुडाल्या तितक्या नंतर खेळून उरलेले गुण भरून काढण्याची मुदत. १९९० साली दुय्यम टूर सुरू झाली. तिची नावे पुरस्कर्त्यांबरोबर बदलत गेली; आज ती कॉर्न फेरी टूर म्हणून ओळखली जाते. तीतून वर्षअखेरीस वरचे खेळाडू मुख्य टूरवर चढतात. पायाच्या व्याधीमुळे चालणे अशक्य झालेल्या केसी मार्टिनला गाडीतून फिरण्याची परवानगी मिळावी की नाही हा वाद तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली सात विरुद्ध दोन मतांनी तो मार्टिनच्या बाजूने लागला.

शाळेच्या शेवटच्या टप्प्यात पूर्वी सहा दिवसांत १०८ होल खेळावे लागत. तेथील दोन हकीगती मी विसरू शकत नाही. १९९९ साली जॅक्सन ब्रिगमन याने अखेरच्या दिवशी ६५ फटक्यांत फेरी पुरी केली, आणि ती कार्डास नेमकी पुरेशी होती. परंतु नोंदपत्रिकेवर एक आकडा चुकून जास्त पडला होता, बेरीज ६६ होत होती, आणि त्याने तिच्यावर सही केली. गोल्फचा नियम कठोर आहे : सही केलेली संख्या प्रत्यक्षाहून अधिक असेल तर तीच कायम. एका फटक्याने कार्ड गेले, आणि तो फटका त्याने मारलेलाच नव्हता. दुसऱ्या वर्षी जो डेली नावाच्या, चाळिशीतल्या खेळाडूने सुमारे चार फुटांवरून चेंडू खळीत घातला. तो आत शिरला, आतल्या कपावर आदळला आणि उसळून बाहेर आला. सहा दिवसांच्या हिशेबात तोही एकाच फटक्याने मागे राहिला. बारा वर्षांनी, २०१२ साली, ज्येष्ठ खेळाडूंची एक प्रमुख स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा वृत्तपत्रांनी आधी तो चेंडूच आठवला.

२०१२ नंतर शाळेतून थेट मुख्य टूरचे कार्ड मिळणे बंद झाले. २०२३ साली पहिल्या पाचांसाठी ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात वादळ उठले होते. २०२२ साली सौदी पैशाच्या बळावर लिव्ह ही नवी स्पर्धामालिका निघाली, आणि तिच्याकडे गेलेल्यांना पीजीए टूरने निलंबित केले. त्यांत नामवंतच अधिक होते. उरलेल्यांना राखण्यासाठी टूरला हात सैल करावा लागला. २०२३ पासून पूर्ण मुभा असलेल्या प्रत्येक खेळाडूस, त्याने किमान १५ स्पर्धा खेळल्यास, वर्षाला पाच लाख डॉलरच्या प्राप्तीची हमी मिळाली. हे वाचताना मला बडोद्याच्या दरबारचे पहिलवान आणि कलावंत आठवले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलावंतांसाठी स्वतंत्र खाते होते आणि तनखे ठरलेले होते. सशापासून तनख्यापर्यंत हा प्रवास चाळीस वर्षांत झाला.

परंतु त्याचबरोबर दुसरेही घडले. २०२४ पासून भरघोस बक्षिसांच्या आठ विशेष स्पर्धा ठेवल्या गेल्या. त्यांत सुमारे सत्तर-ऐंशीच खेळाडू आणि बहुतेकींत कट नाही. म्हणजे कसेही खेळलात तरी पैसे आणि गुण पदरात. त्या गुणांच्या बळावर पुढच्या वर्षीची जागा. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ठरले की १२५ ऐवजी १०० जणांनाच पूर्ण कार्ड राहील, दुय्यम टूरवरून ३० ऐवजी २० जण चढतील, शाळेतून पाच म्हणजे पाचच, बरोबरी झाली तरी सहावा नाही. २०२५ च्या हंगामाअखेर याची अंमलबजावणी झाली. टूरचे म्हणणे असे की गर्दीमुळे नवोदितांना कार्ड असूनही खेळायला मिळत नव्हते, शिवाय दिवस मावळेपर्यंत फेऱ्या संपत नव्हत्या. यात तथ्य आहे. तरीही मघाशी सांगितलेली पेशवाईतील गोष्ट मला येथे दिसते. सरंजामाचे वतन होते ते एका दिवसात नव्हे. आधी चाकरीची अट थोडी ढिली होते, मग नव्या माणसाची वाट थोडी अरुंद होते.

आपल्याकडील खेळाडूंची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहावी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या क्लबातला कॅडी. जीव मिल्खा सिंग १९९८ साली युरोपीय टूरवर खेळणारा पहिला भारतीय ठरला. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०१५ साली अमेरिकेच्या दुय्यम टूरच्या अंतिम मालिकेतून कार्ड मिळविले, २०२२ साली प्लेयर्स स्पर्धेत तो एका फटक्याने दुसरा आला आणि त्याच वर्षी लिव्हकडे गेला. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला. या सर्वांच्या आधी, २००३ च्या शाळेतून अमेरिकन टूरचे कार्ड मिळविणारा पहिला भारतीय म्हणजे अर्जुन अटवाल.

सरांविषयी बोलायचे राहिले होते. शाळेच्या संघाची निवड ते करीत. परंतु जिल्ह्याच्या संघाची निवड त्यांच्या हाती नव्हती. त्या निवडीच्या दिवशी आमच्यातले दोघेतिघे हमखास डावलले जात. कारण कधी कळत नसे. कोण कोणाचा भाचा आहे ते मात्र कळे. परतीच्या एस. टी. त सर कोणाची समजूत काढीत नसत. त्यांच्याजवळ एक वही होती. तीत प्रत्येक मुलाच्या धावा, वेळा, उड्या तारीखवार लिहिलेल्या असत. डावललेल्या मुलाला ते ती वही उघडून त्याचे पान दाखवीत आणि पुन्हा मिटून पिशवीत ठेवीत. त्या वहीचा उपयोग काय, असे आम्हाला तेव्हा वाटे. आमच्यातल्या एकाने त्या बसमध्ये तसे विचारलेही होते. सर म्हणाले, “तुझे खरे तुला माहीत असावे म्हणून.”

निवड समिती नाही, शिफारसपत्र नाही, फक्त वही. असा खेळ जगात असू शकतो हे मला त्या दुपारी ग्रीन्सबरोने दाखविले. अटवालच्या खांद्यांना दुखापत झाली होती. त्यासाठी मिळालेली मुदतवाढ २०१० च्या जुलैत संपली आणि कार्ड गेले. ऑगस्टमध्ये तो त्या स्पर्धेची सोमवारची पात्रता फेरी खेळला, इतर अनामिक उमेदवारांच्या बरोबरीने. पार पडला. गुरुवारी त्याने ६१ ची फेरी केली. रविवारी शेवटच्या होलवर सुमारे सात फुटांचा पट उरला होता. तो गेला आणि डेव्हिड टॉम्सला त्याने एका फटक्याने मागे टाकले. सोमवारी पात्र होऊन रविवारी जिंकणारा खेळाडू १९८६ च्या फ्रेड वॉड्सवर्थनंतर टूरने पाहिला नव्हता. पीजीए टूरवर जिंकणारा हा पहिला भारतीय. आणि ज्या स्पर्धेत एकोणपन्नास वर्षांपूर्वी सिफर्डने शिव्या ऐकत चौथा क्रमांक मिळविला होता, तीच ही स्पर्धा. स्पिलर तोवर हयात नव्हता. अमेरिकन संघटनेने त्याला, टेड ऱ्होड्सला आणि जॉन शिपनला मरणोत्तर सभासदत्व दिले ते आदल्याच वर्षी, २००९ साली.

विजयाबरोबर अटवालचे कार्ड परत आले. पुढच्या आठवड्यात हंगामाच्या निर्णायक स्पर्धा सुरू होणार होत्या. जावईबापूंनी मोठ्या उत्साहाने संच लावला. त्यात अटवाल नव्हता. सोमवारी मैदानात उतरताना तो टूरचा सभासद नव्हता, म्हणून त्या स्पर्धांत त्याला जागा नव्हती.